सोळाव्या वचनापर्यंत

वरोरा, जि. चंद्रपूर
२० जानेवारी २०२५

चि. लालसू यास,
दादाचा सप्रेम सलाम आणि घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. वि. वि.

पाकीट पाहून तुला हसू येईल. आपण एकमेकांना शेवटचं पत्र लिहिलं ते वसतिगृहाच्या दिवसांत, आणि त्यातही तू फक्त साबण संपल्याचं कळवलं होतंस. पण आता काही दिवस असंच चालू दे. तुझा फोन ठाण्यात जमा आहे हे रिनाने बाजारातून दुसऱ्या कुणाच्या फोनवरून मला सांगितलं. ती सांगत होती आणि मी दर दोन वाक्यांनी तिला गप्प करत होतो. फोनवर काही बोलू नका. पोस्टमन आठवड्यातून एकदा तुमच्याकडे येतो तेवढं पुरे आहे.

आता मला नीट सांग, झालं काय? माझ्या कानावर तीन गोष्टी आल्या आहेत. एक अशी की नव्या वर्षाच्या उपासनेत तू सरकारविरुद्ध भाषण ठोकलंस. दुसरी अशी की तू फक्त डोंगरासाठी प्रार्थना केलीस. तिसरीत तुझं नाव थेट बंदूकवाल्यांशी जोडलं आहे, ती इथे लिहीत नाही. मी दोन जिल्ह्यांतल्या चौदा ख्रिस्ती मंडळ्यांच्या समितीचा चिटणीस, आणि माझाच सख्खा भाऊ येरंगटोल्याच्या अकरा घरांच्या मंडळीचा पाळक. बैठकीत सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते.

समितीने ठरवलं ते असं: लोहखाणीला डोंगर द्यायचा की नाही हे ग्रामसभा बघेल, उपासनेत त्यावर एक शब्द निघू नये. धर्म धर्माच्या जागी, राजकारण राजकारणाच्या जागी. तुमची खास ग्रामसभा १८ फेब्रुवारीला आहे असं ऐकतो. तिच्या आधीच्या रविवारी तू सरळ सत्तेच्या अधीन राहण्याचा अध्याय वाच, प्रार्थना कर आणि घरी जा. पाण्यात राहून माशांशी वैर करू नये, हे तुला मी सांगायला पाहिजे का?

इकडे करिश्मा दहावीच्या अभ्यासाला बसते आणि उठून मोबाइल बघते. तुझी वहिनी आरोग्य केंद्रातून दमून येते आणि आल्यावर माझ्याशी याच विषयावर भांडते. तुझी काळजी तिलाही आहे, फक्त ती माझ्यासारखी घाबरत नाही. पत्राचं उत्तर ताबडतोब दे, आणि माया आहे तशी राहू दे.

तुझा,
चैतूदादा


येरंगटोला, जि. गडचिरोली
२८ जानेवारी २०२५

ती. दादास,
लालसूचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

तुझ्या तीन गोष्टींपैकी दुसरी खरी. प्रार्थनेत मी आजाऱ्यांची नावं घेतली, पोटुशा बायांची घेतली, आणि शेवटी म्हटलं की प्रभू, आमचा डोंगर राख. एवढंच. कुणीतरी ते फोनमध्ये भरून घेतलं आणि तीन दिवसांत ते माझ्याआधी ठाण्यात पोचलं.

साहेब वाईट माणूस नाही. चहा पाजला. मग विचारलं की हे जे तुम्ही शिकवता तो धर्म आहे का राजकारण, एकदा सांगून टाका म्हणजे मले लिहाले सोपं जाईन. मी म्हटलं धर्म. त्यांनी कागद पलटला आणि म्हटलं की मंग नोव्हेंबरमध्ये कोणाले मत द्या म्हणून तुम्हीच सांगितलं होतं ना इथी उभं राहून? दादा, सांगितलं होतं. तुझी चिठ्ठी आली होती, की हा उमेदवार प्रार्थनाघराची परवानगी करून देणार आहे, लोकांना समजाव. मी उपासनेतच समजावलं. तो निवडून आला आणि आजवर फिरकला नाही. तेव्हा तू धर्म धर्माच्या जागी म्हणाला नव्हतास. साहेबांचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणून ते फोन ठेवून घेतो म्हणाले तेव्हा देऊन आलो.

त्या दिवसापासून मी एक ठरवलंय. हात वर करा की खाली ठेवा, हे मी कुणालाही सांगणार नाही. उपासनेत उभं राहून तर नाहीच. ग्रामसभेत माझा स्वतःचा एक हात आहे, तो मी देणार नाही म्हणून वर करीन. बाकी मी फक्त नेमलेलं वाचीन.

आणि नेमलेलं काय आहे ते तूच बघ. वर्षाच्या वाचनांची पुस्तिका समितीने छापली, मागच्या पानावर चिटणीस म्हणून तुझं नाव आहे. १६ फेब्रुवारीला द्राक्षमळ्याची गोष्ट दिली आहे. तुला पाठ आहे, पण मी ती आपल्या माडिया बोलीत कशी सांगणार ते ऐक. द्राक्षं आपल्या लोकांनी पाहिलेली नाहीत, म्हणून मी मोहाची झाडं म्हणणार. राजाच्या वाड्याला लागून एका माणसाची मोहाची झाडं होती. राजा म्हणाला, दे, बदल्यात दुसरी देतो नाहीतर पैसे घे. माणूस म्हणाला, ही माझ्या बापजाद्यांची आहेत, माझ्याने देववत नाहीत. मग राणीने दोन खोटे साक्षीदार उभे केले, की याने देवाला आणि राजाला शिव्या दिल्या. लोकांनी त्याला दगडांनी मारलं, आणि राजा झाडं ताब्यात घ्यायला गेला. तिथे त्याला देवाचा माणूस आडवा आला आणि त्याने राजाला त्याचा शेवट सांगितला. यात मी माझ्या पदरचं काही घालणार नाही.

तू म्हणतोस तो अधीन राहण्याचा अध्याय वाचायला माझी ना नाही. पण ग्रामसभा दोन दिवसांवर असताना तो वाचला तर ते राजकारण होणार नाही का? त्यासाठी फोन जप्त होणार नाही, एवढाच फरक.

डोंगराबद्दल तुला काय सांगू? पाणी तिथून येतं, बांबू तिथला, बाच्या आठवणीचा दगड त्याच्या पायथ्याशी उभा आहे. बा शेवटपर्यंत आपल्या जुन्या देवांचा राहिला आणि तुझ्या-माझ्या बाप्तिस्म्यावर एक शब्द बोलला नाही. आता गावातले काही लोक म्हणतात की येशूवाल्यांना डोंगराचं काय, त्यांचा देव तर बाहेरचा. सभेत कुठल्याच बाजूचे हात पुरेसे नाहीत. आमच्या मंडळीतले वीस-एकवीस जण जिकडे जातील तिकडे डोंगर जाईल, हे सगळ्या गावाला माहीत आहे.

वहिनीला जयभीम सांग. लोभात कमी करू नकोस.

तुझा,
लालसू


वरोरा
३ फेब्रुवारी २०२५

प्रिय लालसू भाऊजींस,
संघप्रियाचा सप्रेम जयभीम. रिनाला आणि लेकरांना गोड पापा.

तुमचं पत्र तुमच्या दादांनी उशीखाली ठेवलं होतं, मी काढून वाचलं. नवऱ्याची पत्रं वाचू नयेत हे मला कुणी शिकवलं नाही. ते तुम्हाला जे लिहिणार नाहीत ते मी लिहिते. यांच्या शाळेत मुख्याध्यापकाची जागा एप्रिलमध्ये रिकामी होते. संस्थेच्या अध्यक्षांनी त्यांना बोलावून विचारलं की सर, ते व्हिडिओतले तुमचे कोण? हे म्हणाले, दूरचा भाऊ. घरी आले आणि जेवले नाहीत.

आता धर्म आणि राजकारणाचं. माझ्या आजोबांनी छप्पन साली चांद्याला दीक्षा घेतली. घरचे देव गेले, आणि मेलेली ढोरं ओढणंही त्याच दिवशी गेलं. पाटलाने विचारलं की आता ढोरं कोण ओढील? आजोबा म्हणाले की आता तुमची तुम्ही बघा. याच्यातलं धर्म किती न् राजकारण किती, असं त्यांना कुणी विचारलं असतं तर ते हसत सुटले असते. त्यामुळे तुमच्या दादांचं जागच्या जागीचं शास्त्र मला काही पटत नाही. ज्यांचं पोट भरलेलं त्यांना जागा वेगवेगळ्या ठेवणं जमतं.

पण तुमचंही मला पटलेलं नाही, राग मानू नका. नोव्हेंबरमध्ये तुम्ही जास्त बोललात म्हणून आता मुळीच बोलणार नाही, हा कुठला न्याय? मी केंद्रावर गोळ्यांचं पाकीट हातात देते आणि कधी घ्यायच्या ते सांगत नाही, असं कधी करत नाही. बाया घरी जाऊन आपल्या मनाने घेतात आणि मग आठ दिवसांनी उचलून आणाव्या लागतात. वाचायचं असेल तर काय वाचलं ते उघड सांगा. नसेल सांगायचं तर वाचू नका. आणि तुमची माणसं तुम्हाला सरळ विचारायला आली, तर त्यांना काय सांगणार ते आधीच ठरवून ठेवा.

इकडे थंडी सरली. करिश्मा म्हणते काकांना सांग, परीक्षेनंतर मोहफुलं वेचायला येते. मागच्या वर्षी तिने अर्धी वेचली आणि अर्धी खाल्ली, ते रिना विसरली नसेल. जिव्हाळा ठेवा, आणि हे पत्र दादांना कळू देऊ नका.

तुमची वहिनी,
संघप्रिया


वरोरा
८ फेब्रुवारी २०२५

चि. लालसू यास,
सलाम व आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र वाचून आठ दिवस उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते नंतर पुसता आलं नसतं. नोव्हेंबरची चिठ्ठी माझी चूक होती. मान्य. ती तू मला बंदुकीसारखी दाखवू नकोस. ती चूक झाली म्हणूनच मी आता ताक फुंकून पितोय.

पुस्तिकेत ते वाचन आहे हे मी तुझं पत्र आल्यावर उघडून पाहिलं. छापताना शाईचा रंग बघितला, वाचनं कोण बघतो? आता छापलंच आहे तर तू वाचलं नाहीस असंही नको, त्याचाही कुणी अर्थ काढेल. वाच. पण माझं एक ऐक. सोळाव्या वचनापर्यंत वाच आणि थांब. राजा ताबा घ्यायला गेला, तिथे पुस्तक मिट. सतराव्यापासून तो देवाचा माणूस येतो आणि राजाला म्हणतो की कुत्री तुझं रक्त चाटतील. लालसू, विचार कर. ग्रामसभेच्या दोन दिवस आधी, दारात कुणीतरी फोन धरून बसलेला, आणि तू मोठ्याने माडियात म्हणतोस की डोंगर घेणाऱ्या राजाचं रक्त कुत्री चाटणार. ते कोणत्या कलमाखाली बसेल हे मी सांगायची गरज नाही. आपल्या तालुक्यातली दोन पोरं याहून कमी बोलून सव्वा वर्ष आत आहेत. तुझी लेकरं पाच आणि दोन वर्षांची आहेत.

सोळापर्यंत वाचलंस तर नुसता इतिहास होतो. कुणी काही म्हणू शकत नाही. नेमलेलं वाचलं, हेही खरं. आणि तू ठरवलं आहेसच की अर्थ सांगायचा नाही.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलेलं नाही. पहिलीत वसतिगृहात टाकायला निघालो तेव्हा नदीला गळ्याइतकं पाणी होतं. बाने मला विचारलं होतं की याले नेशील का, आणि मी तुला खांद्यावर बसवून नेलं. तू माझे दोन्ही कान ओढत होतास. त्या कानांची शपथ घालतो हवं तर, पण एवढं ऐक. मला तुला तुरुंगाच्या जाळीतून बघायचं नाही.

रिनाला सलाम. मायेचा धागा तुटू देऊ नकोस.

चैतूदादा


येरंगटोला
२० फेब्रुवारी २०२५

ती. दादास सलाम. वि. वि.

तू म्हणालास तसं केलं. सोळाव्या वचनाला थांबलो.

रविवारी चाळीसेक माणसं होती. दाराशी एक अनोळखी माणूस बसला होता, फोन गुडघ्यावर उभा धरून. मी एकेक वाक्य वाचून माडियात सांगत गेलो. मोहाच्या झाडांवर सगळ्यांचं लक्ष बसलं. माणसाला दगडांनी मारलं तिथे एका बाईने हुंदका दिला. राजा झाडं ताब्यात घ्यायला निघाला, तिथे मी पुस्तक मिटलं आणि म्हटलं, देव आपल्या वचनाला आशीर्वाद देवो. सगळे आमेन म्हणाले. पुढे काय, असं एकाने विचारलं नाही. अर्थ कुणी विचारला नाही. दारातला माणूस कंटाळून उठून गेला. मी मनात म्हटलं, दादाचं डोकं चालतं.

मंगळवारी चिंचेखाली सभा भरली. तालुक्याचे साहेब, कंपनीचे दोघे, बंदोबस्त, सगळं होतं. डोंगर द्यायचा त्यांनी हात वर करा म्हणाले. मी मान खाली घालून बसलो होतो, कारण आपल्यातला एकही हात वर जाणार नाही असं मी धरून चाललो होतो. मग रिनाने मला कोपराने ढोसलं. मान वर केली तर सोमारी काकीचा हात वर होता.

दादा, सोमारी काकी. आपल्या मंडळीतला पहिला बाप्तिस्मा तिचा. त्या डोंगरावरून साठ वर्षं तेंदूची पानं आणणारी. तिच्या मागे तिचा लेक, सून, मग एकेक करत आपले सगळे. मी मोजले. एकोणीस. रिना आणि मी सोडून सगळी मंडळी. एक्कावन्न विरुद्ध शेहेचाळीस. जुन्या देवांचे जे लोक आम्हाला बाहेरच्या देवाचे म्हणत होते त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की बाची आठवण झाली.

सभा उठल्यावर मी काकीच्या घरी गेलो. ती चुलीशी बसली होती. मी विचारलं की काकी, काऊन? तिने माझ्याकडे असं बघितलं जसं मीच काही विसरलोय. म्हणाली की तूच तर सांगितलं ना. तुहा बाप नाई का, दोन घरचं भांडण आलं का गोष्ट सांगे, न् जिथी थांबे तिथी त्याचा निकाल राहे. पुढं काय म्हणून कोणी विचारत नोहतं, विचारलं तर निकाल मानला नाई असं होये. तू बी तसाच थांबला. माणूस मेला, राजानं झाडं नेली, न् तू पुस्तक मिटलं. आम्ही समजलो देव म्हणते का देऊन टाका, नाई तर मराल.

मी म्हटलं, काकी, गोष्ट पुढे आहे. ती म्हणाली की असंन, पण तू नाई ना सांगितली. मग हळूच म्हणाली की मले वाटलं, तुले तोंडानं सांगता येत नाई, दारात माणूस बसून आहे, म्हणून तू गोष्टीतून सांगून राह्यला. हात वर नाई केला तर तुले घेऊन जातीन, असं आम्ही घरोघर बोललो. तुह्यासाठी केला, बाबू.

मी तिला पुढची गोष्ट तिथेच सांगितली. तिने सगळी ऐकली. मग चुलीतलं लाकूड बाहेर ओढलं आणि त्यावर पाणी टाकलं. त्या घरी त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

वीस वर्षं आपण शास्त्र शिकलो, दादा. बाने गोष्ट कशी सांगितली ते मात्र दोघंही विसरलो. आता मला याच्यापुढे लिहवत नाही. माझ्यावर लोभ असेल तर एवढंच सांग, तुला खरंच माझ्या लेकरांची काळजी होती ना?

लालसू


वरोरा
२७ फेब्रुवारी २०२५

चि. लालसू यास,
आशीर्वाद देण्याचा हक्क राहिला असेल तर आशीर्वाद.

काळजी होती. पण फक्त तेवढीच होती असं मी लिहिलं तर तू इथे नसतानाही मला खोटं पचणार नाही. मुख्याध्यापकाची जागा रिकामी होते आहे. अध्यक्षांना मी तू दूरचा भाऊ आहेस असं सांगितलं. हे तुला वहिनीने आधीच लिहिलं आहे, ते तिने काल रडत कबूल केलं. मी तिच्यावर रागावलो नाही. तोंडच नव्हतं.

दुसरं याहून जड आहे. बाच्या गोष्टींच्या वेळी तू पाळण्यात होतास किंवा वसतिगृहात. शेजारी बसायचो मी. रानडुकराच्या शिकारीवरून दोन घरांत कुऱ्हाडी निघाल्या होत्या, तेव्हा बाने गोष्ट अर्ध्यात सोडली आणि लोक न बोलता उठून गेले, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुला सोळाव्या वचनाला थांब असं लिहिताना मला ते आठवत होतं का, हे मी तुझं पत्र आल्यापासून स्वतःला विचारतो आहे. आठवत नव्हतं, असं मला शपथेवर सांगता येत नाही. हे वाक्य मी तीन वेळा खोडलं आणि चौथ्यांदा राहू दिलं.

सोबत समितीचं पत्र आहे. चिटणीस म्हणून मलाच लिहावं लागलं, अक्षर ओळखशील. येरंगटोल्याच्या मंडळीने कठीण प्रसंगी राजकारणापासून अलिप्त राहून सर्व मंडळ्यांसमोर उत्तम उदाहरण ठेवलं, म्हणून अभिनंदन. ठराव एकमताने झाला. त्या एकमतात मीही होतो. विरोध केला असता तर का करतो ते सांगावं लागलं असतं.

बोर्डाची परीक्षा सुरू आहे, करिश्माचीही आणि माझ्या पर्यवेक्षणाचीही. ती संपली की येतो. तू दार उघडशील का ते मात्र कळव.

तुझा,
चैतू


येरंगटोला
१० मार्च २०२५

ती. दादास,
सलाम. वि. वि.

दार उघडंच असतं, त्याला कडी कधी होती? परीक्षा होऊ दे, मग सगळे या. मोह गळायला लागलाय. टोपली करिश्माने स्वतःची आणावी, रिना तिच्यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

समितीचं पत्र मिळालं. मी ते मंडळीला वाचून दाखवलं नाही. फाडलंही नाही, तुझं अक्षर आहे. ठाण्यातून निरोप आला म्हणून गेलो होतो. साहेबांनी फोन परत दिला, पुन्हा चहा पाजला. म्हणाले की पास्टर, यावेळी तुम्ही बराबर केलं. निव्वळ धर्म शिकवला, राजकारण नाई केलं. असंच राहू द्या, तुमच्या प्रार्थनाघराच्या कागदाचं मी बोलतो वर. मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी जे ऐकलं ते खरोखर तसंच होतं.

चहा संपायच्या आधीच मी खिशातला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. हात परत घेतो, सभा पुन्हा बोलवा, म्हणून. एकोणीसपैकी अठरा अंगठे आहेत. उरलेला म्हणतो की एकदा वर केलेला हात खाली घेतला तर माझी काय किंमत. अर्जाच्या खाली मी माझी सही केली, पाळक असं न लिहिता नुसतं नाव. साहेबांचा चेहरा पडला. म्हणाले की हे मंग पुन्हा राजकारण झालं. मी म्हटलं, हो, झालं. तालुक्याला त्याची प्रत दिली, पोच मिळाली, तारीख मिळालेली नाही. डोंगरावर मोजणीवाले परवा येऊन चुन्याच्या रेघा मारून गेले. सभा पुन्हा होईल का हे मला माहीत नाही, आणि झाली तरी आता गावात आमच्या हाताचा कुणाला भरवसा राहिलेला नाही.

वहिनीला सांग, तिचं गोळ्यांचं म्हणणं खरं निघालं. तिने मला याच्यासाठी आयुष्यभर चिडवावं, माझी हरकत नाही.

तुझ्या पत्रातलं ते वाक्य मी पुन्हापुन्हा वाचलं. मी तुला त्याबद्दल काही विचारणार नाही. आलास की शेजारी बसून, तुलाच वाटलं तर सांग.

कालच्या रविवारचं लिहितो आणि थांबतो. वाचायला मी पुस्तक उघडलं तर सोमारी काकी उठून उभी राहिली. उपासनेत असं मधेच कुणी उठत नाही. मला वाटलं तब्येत बरी नाही. ती म्हणाली की वाच, पण आज कुठी थांबशील ते आधी सांग. चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती आणि कुणालाही तिचं चुकलं असं वाटलं नाही. मी म्हटलं, काकी, अध्याय संपेपर्यंत वाचतो. अकरा वर्षं ती माझ्यापुढे डोळे मिटून बसत आली आहे. काल बसली नाही. मी पूर्ण वाचून होईपर्यंत ओळीवरून सरकणाऱ्या माझ्या बोटाकडे बघत उभी राहिली.

तुझ्यावर राग नाही असं लिहिणार होतो, पण थोडा आहे. माया त्याहून जास्त आहे, तूही ठेव.

तुझा,
लालसू